ताईला ऐकू येईल असा रिसीव्हर

ताईच्या पत्राला उत्तर द्यायचं राहून गेलं, असं शंकोबा गेले पाच महिने स्वतःला सांगत होते. छत्री राहून जाते, चष्मा राहून जातो. पत्र मात्र त्यांच्या टेबलावर, दिव्याच्या बुडाशी, रोज डोळ्यांसमोर होतं. रोज सकाळी ते त्यावरची धूळ झटकत आणि जसं होतं तसं परत ठेवत.

पत्र दोन पानांचं. शब्द ताईचे, अक्षर भाच्याचं. काचबिंदूनं ताईची नजर चार वर्षांपूर्वी पुरती गेली, तेव्हापासून ती सांगते आणि तिचा मुलगा लिहून घेतो. त्याआधी सगळा जन्म ताईनं वाचण्यात घालवला होता. शंकोबा छापखान्यात मुद्रितशोधक होते आणि ताई त्यांची वाचक. लेखकाच्या हातची प्रत ती मोठ्यानं वाचायची आणि शंकोबा छापून आलेल्या कागदावर बोट ठेवून ऐकायचे. एकोणतीस वर्षं असंच चाललं. ती नुसते शब्द वाचत नसे, विरामचिन्हंही वाचायची, म्हणजे एकही निसटू नये. शंकोबा हे नावही तिनंच पाडलेलं. शेवटची शंका फिटल्याशिवाय हा माणूस पान हातातून सोडायचा नाही, आणि शंका काही फिटायची नाही. यंत्रावरची माणसं ताटकळत बसायची.

सवय कुठे जाते? पत्र सांगतानाही ताईनं विरामचिन्हं सांगितली होती आणि भाच्यानं ती बिनदिक्कत शब्दांत उतरवली होती. 'प्रिय शंकोबा स्वल्पविराम तुझी तब्येत कशी आहे प्रश्नचिन्ह'. पत्र आलं त्या दिवशी शंकोबा आणि त्यांची बायको पोट धरधरून हसले होते. हसण्याच्या नादात पुढचं वाचलं गेलं ते असं: घरात होम थिएटर आणलंय. चित्राचा मला उपयोग नाही, आवाजावर भागतं. पण बंदुका ऐकू येतात, घोडे ऐकू येतात, माणसं काय बोलतात ते मात्र कळत नाही. इथे म्हणतात, रिसीव्हर बदलला तर सुधारेल. तुझा कान चांगला आणि तू वाचतोसही पुष्कळ. चांगल्या आवाजाचा कोणता घ्यावा ते लिही. तू म्हणशील तो आणू.

रिसीव्हर म्हणजे टीव्हीतला आवाज घेऊन तो सात-आठ स्पीकरांना वाटून देणारी पेटी, एवढं कळायलाच शंकोबांना आठवडा लागला. मग त्यांनी वही केली. मासिकं आणली, ग्रंथालयातून जाडजूड पुस्तकं आणली, नातवाच्या वयाच्या लोकांनी लिहिलेली परीक्षणं छापून घेतली. एका ठिकाणी एका पेटीचा आवाज 'उबदार' होता, दुसऱ्या ठिकाणी त्याच पेटीचा 'मेलेला'. आवाज उबदार कसा असतो? तो काय पांघरायचा आहे? शंकोबांनी समासात प्रश्नचिन्ह काढलं. वही भरली, दुसरी आणली.

"अहो," बायको म्हणाली, "ताईंनी पेटी विचारलीय, जावई शोधायला नाही सांगितला."

"चुकीची सांगितली तर?"

"आणि सांगितलीच नाही तर?"

यावर शंकोबा चिडले. अलीकडे ते असेच चिडत.

मंगळवारी भाच्याचा फोन आला.

"मामा, बोला, स्पीकरवर आहात."

"मी कशाला बोलू? फोन तू केलास." शंकोबांना फोनचा मुळातच धसका. त्यातून पलीकडे सगळं घर ऐकत बसलंय म्हटलं की जीभ टाळ्याला चिकटायची.

"तेही खरंच. अहो, ते रिसीव्हरचं आता राहू द्या. आईचं काही जमत नाही त्याच्याशी. बसते दहा मिनिटं की उठून जाते. परवा तर म्हणाली, बंद करा तो दंगा. आम्ही चौघं पिक्चर बघतोय आणि ही मधेच! मग आम्ही ठरवलं, तिच्या खोलीत छानसा रेडिओ बसवून देऊ. रविवारी माणूस येतोय. तिला हॉलमध्ये यायलाच नको."

"यायलाच नको?"

"म्हणजे तिला त्रास नको हो. तिची खुर्चीही तिकडेच हलवू. तिचं ती ऐकेल, आमचं आम्ही बघू."

"ताई काय म्हणते?"

"ती काय म्हणणार? म्हणते, बरं."

मागून सूनबाईंचा आवाज आला, "विचार ना, त्यांनी काही शोधलं होतं का?"

"हो, मामा, तुमचं काही उत्तरच आलं नाही शेवटी." भाचा हसत म्हणाला. त्याच्या मनात काही नव्हतं. तेच शंकोबांना झोंबलं.

फोन ठेवल्यावर त्यांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. ताईचं 'बरं' त्यांना पाठ होतं. छापखान्याच्या मालकानं तिची जागा खिडकीपासून काढून जिन्याखाली दिली, तेव्हा ती असंच 'बरं' म्हणाली होती आणि पुढली अकरा वर्षं जिन्याखाली वाचत राहिली होती. आता सत्तरी उलटल्यावर पोटचा मुलगा तिला हॉलमधून उचलून खोलीत टाकणार. घरातली माणसं एकत्र बसतात ती एवढीच एक जागा आणि तेवढेच दोन तास. तेही गेले की ताईनं दिवसभर भिंतीशी बोलायचं. आणि कशापायी? एका रद्दी पेटीपायी! ज्या कंपनीनं माणसाचं बोलणं ऐकू न येणारी पेटी काढली तिचे सगळे इंजिनियर शंकोबांनी मनातल्या मनात रांगेत उभे केले.

"रविवारच्या आत चांगला रिसीव्हर शोधतो आणि कळवतो," ते बायकोला म्हणाले. "मग बघू कोण कुणाला खोलीत घालतं ते."

"पाच महिन्यांत जमलं नाही ते चार दिवसांत?"

"टोमणे मारू नकोस. पिशवी दे."

दुसऱ्या दिवशी दुकान उघडायच्या आधीच ते दारात उभे होते. ऐकवण्याची खोली आत होती, काळ्या कापडानं मढवलेली. मधोमध एकच मऊ आरामखुर्ची. विक्रेता तरणाबांड, गुळगुळीत दाढी केलेला. त्यानं शंकोबांना खुर्चीत बसवलं, दार लावलं आणि कानठळ्या बसतील असा स्फोट ऐकवला. शंकोबांची पिशवी मांडीवरून खाली पडली.

"कसं वाटलं, आजोबा?"

"घर पडल्यासारखं."

"तेच! हीच तर याची खासियत."

"मला माणसं बोलताना ऐकवा."

"हो हो, ऐकवतो." त्यानं एक विमान डोक्यावरून नेलं. मग एक इमारत कोसळली. मग काचा.

"अहो, माणसं! दोन माणसं बसून बोलतायत असं काही नाही का तुमच्याकडे?"

विक्रेत्यानं त्यांच्याकडे कीव आल्यासारखं पाहिलं. "आजोबा, नुसतं बोलणं ऐकायला एवढं मोठं मशीन कोण घेतं? त्याला टीव्हीचा आवाज पुरतो की."

शंकोबांच्या नाकाचा शेंडा लाल झाला. पण ते वहीत बघून म्हणाले, "बरं, हे दोन ऐकवा. आधी डावीकडचा, मग उजवीकडचा. तेच गाणं."

डावीकडचा वाजला. मग उजवीकडचा वाजला आणि खरंच, त्यात जीव आल्यासारखं वाटलं. शब्द उठून दिसले. "बघितलंत?" विक्रेता म्हणाला. "हा वरचा. फरक लगेच कळतो."

शंकोबांनी गाण्याकडे कमी आणि त्याच्या हाताकडे जास्त पाहिलं होतं. लोक एकीकडे दाखवत असताना दुसरीकडे बघायची खोड त्यांना आयुष्यभर होती.

"पुन्हा लावा," ते म्हणाले. "आणि तुमचा अंगठा माझ्यासमोर ठेवा."

"काय?"

"अंगठा! पेटी बदलताना तुम्ही आवाज दोन घरं चढवता. मोठं ते कानाला चांगलंच वाटतं, हे माझ्या वहीत तिसऱ्या पानावर आहे. लाज नाही वाटत? पांढरे केस बघून ठरवलंत ना, याला काय कळतंय म्हणून?"

"आवाज खाली करा, आजोबा."

"तुम्ही करा आधी!"

दार ढकलून एक बाई आत आल्या. अंगात निळा कोट, खिशात पेचकस, हातात वायरचं भेंडोळं. लोकांच्या घरी जाऊन ही यंत्रं बसवून द्यायचं काम त्यांचं. "काय झालं?" त्यांनी विचारलं. विक्रेता म्हणाला, "काही नाही, आजोबांना बोलणं ऐकायचंय." आणि तो जो बाहेर गेला तो परत आलाच नाही.

शंकोबांनी मग त्या बाईंपुढे सगळी तक्रार ओतली. ताई, डोळे, बंदुका, घोडे, रविवार. पेटीचं नाव सांगितलं. बाईंनी भेंडोळं खाली ठेवलं.

"पेटी वाईट नाही हो ती."

"तुम्हीही या दुकानाच्याच!"

"चिडू नका. मी विकत नाही काही, मी बसवते. मला एक सांगा, तुमच्या ताई बसतात कुठे?"

"कुठे म्हणजे? हॉलमध्ये."

"हॉलमध्ये कुठे?"

शंकोबांनी वही उघडली आणि परत मिटली.

"हे बघा." बाईंनी टीव्हीखालच्या आडव्या स्पीकरवर हात ठेवला. "पिक्चरमधलं बोलणं जवळजवळ सगळं या मधल्यातून येतं. मागच्या भिंतीवरचे दोन आहेत ना, त्यांतून यायचा तो दंगा. गाड्या, गोळ्या, वारा. आणि हे यंत्र बसवताना एक छोटा माइक ठेवायचा असतो, आपण बसतो त्या जागी, कानाच्या उंचीवर. यंत्र एकेका स्पीकरमधून आवाज सोडून मोजून घेतं, कोण किती लांब आहे ते, आणि सगळं त्या एका जागेपुरतं जुळवतं. तिथे बसलात तर राजा. मागच्या स्पीकरला डोकं टेकून बसलात तर जगातला कुठलाही रिसीव्हर आणा, कान फुटेल पण वाक्य कळायचं नाही."

"पण पुस्तकात—"

"पुस्तकात पेटीचं लिहितात. घरात कोण कुठे बसतं ते पुस्तकवाल्याला काय माहीत? मी घरी गेले की पहिला प्रश्न तोच विचारते. अर्ध्या घरांत त्यावरूनच भांडणं." त्या हसल्या. "माइक कुठे ठेवला होता, विचारा भाच्याला."

शंकोबा घरी आले ते रागानं धुमसतच. एका परक्या बाईनं एका वाक्यात त्यांच्या दोन वह्या निकालात काढल्या होत्या. चप्पल न काढताच ते टेबलाशी गेले आणि दिव्याखालचं पत्र ओढून घेतलं. पाच महिन्यांत प्रथमच त्यांनी ते मुद्रित वाचावं तसं वाचलं. शब्दाखाली बोट ठेवून, ओठ हलवत.

दुसऱ्या पानावर, रिसीव्हरच्या प्रश्नानंतर, तब्येतीच्या आणि शेजाऱ्यांच्या बातम्यांत मिसळून एक ओळ होती. 'मधल्या सोफ्यावर सगळे बसतात स्वल्पविराम त्यांना बघायचं असतं म्हणून माझी खुर्ची मागच्या भिंतीला कोपऱ्यात ठेवली आहे मूळप्रमाणे सगळं छान चाललं आहे पूर्णविराम'.

बोट तिथंच थांबलं.

मूळप्रमाणे. हे विरामचिन्ह नव्हतं. छापखान्यात हा शब्द ताई एकाच प्रसंगी वापरायची. लेखकानंच प्रतीत घोळ घातलेला असला, नायक तिसऱ्या प्रकरणात मेला आणि पाचव्यात जेवायला बसला असलं काही, तर ताई ती ओळ सावकाश वाचायची आणि पुढे म्हणायची, मूळप्रमाणे. हे चुकलेलं मला दिसतंय, पण बदलायचा हक्क माझा नाही, तू बघ. लेखक स्वतः तिच्या खुर्चीमागे उभा असला तरी कुणाला वावगं वाटायचं नाही. शंकोबा पेन्सिलीनं समासात खूण करायचे आणि लेखक गेला की मालकाशी भांडायचे. भांडण हे त्यांचं काम. ताईनं फक्त दाखवून द्यायचं.

आणि या खेपेला तिच्या खुर्चीमागे, किंबहुना समोरच, कागद घेऊन बसला होता तो तिचा मुलगा. ज्यानं खुर्ची कोपऱ्यात नेली त्यालाच 'माझी खुर्ची कोपऱ्यात नेलीस' हे कसं लिहायला सांगणार? घरात राहायचं असतं. म्हणून तिनं पेटी विचारली. पेटीवरून कुणाला राग येत नाही. आणि खाली हळूच भावाला खूण केली. एकोणतीस वर्षांत त्यानं तिची एक खूण सोडली नव्हती.

सोडली ती ही. हसताना.

"काय झालं?" बायको दारात आली. "चप्पल घालून आत आलात."

"मी गाढव आहे."

"ते झालंच. पण झालं काय?"

त्यांनी ओळीवर बोट ठेवून पत्र तिच्यापुढे धरलं आणि मूळप्रमाणे म्हणजे काय ते सांगितलं. तिनं दोनदा वाचलं. मग ती खाली बसली. तिनं टोमणा मारला नाही याचाच शंकोबांना जास्त राग आला, आणि त्या रागाच्या भरात, आयुष्यात बहुधा पहिल्यांदाच, त्यांनी आपणहून फोन उचलला.

"मामा? थांबा हं, स्पीकरवर—"

"टाक स्पीकरवर! सगळ्यांना ऐकू दे! तो मोजायचा माइक कुठे ठेवला होतास?"

"कसला माइक?"

"रिसीव्हर बसवताना ठेवतात तो!"

"तो होय... सोफ्यावर. माझ्या जागेवर. का?"

"आणि ताईला कोपऱ्यात! मागच्या स्पीकरच्या तोंडाशी! गोळ्या खायला!"

"अहो मामा, ओरडताय काय? तुम्हाला कुणी सांगितलं हे? आईनं?"

क्षणभर त्यांना वाटलं, आपण तिलाच तोंडघशी पाडलं. मग हातातला कागद दिसला.

"तूच लिहिलंयस! तुझ्या अक्षरात आहे. मधल्या सोफ्यावर सगळे बसतात, खुर्ची मागच्या भिंतीला. वाचून दाखवू?"

भाचा म्हणाला, आणि आता त्याचाही आवाज चढला होता, "मग त्यात चूक काय? तिला दिसत नाही, मामा. टीव्हीसमोर बसून ती करणार काय? ज्याला बघायचं त्यानं समोर बसायचं, साधी गोष्ट आहे."

"तुला डोळे आहेत ना? मग तुला कोपऱ्यातूनही दिसेल! तिला मधूनच ऐकू येतं. तिचं पिक्चर त्या एका जागेवर आहे आणि तिथे तू तंगड्या पसरून बसलायस!"

"मामा, तोंड सांभाळून—"

"तुझी मुंज... तुला खांद्यावर घेऊन फिरलोय मी, मला तोंड सांभाळायला सांगतोस?"

"हो, सांगतो! पाच महिने तुम्ही कुठे होतात? आई रोज विचारायची, शंकोबाचं पत्र आलं का. रोज! दारावरची टपालपेटी उघडून मीच तिला सांगायचो, नाही आलं. एकदा तर मीच चार ओळी लिहून तुमच्या म्हणून वाचून दाखवणार होतो. आणि आज आलात ते ओरडायला?"

रोज. त्यांनी हे एकदाही मनात आणलं नव्हतं. त्यांच्या मते ताईचा प्रश्न त्यांच्या टेबलावर सुरक्षित होता, वह्यांच्या शेजारी.

"कोण आहे? शंकोबा?" लांबून ताईचा आवाज आला. काठीचा ठक् ठक्. मग जवळून, "काय रे, घशाला काय झालंय?"

"ताई, तुझं पत्र..."

"हं."

"मी आज वाचलं. नीट."

काठी भिंतीला टेकवल्याचा आवाज आला.

"बरं," ती म्हणाली. पण हे ते जिन्याखालचं 'बरं' नव्हतं. "मग लिहून पाठव."

"अगं, आत्ताच सांगतो ना, सगळे ऐकतायत—"

"फोनवर ओरडलेलं वाऱ्यावर जातं. कोण काय म्हणालं यावरच मग चार दिवस वाद. लिहिलेलं असलं की पुन्हा वाचून घेता येतं. मी विचारलं ते लिहून विचारलं. तू लिहून सांग."

"वाचून कोण दाखवणार?"

"माझा मुलगा दाखवेल," ताई म्हणाली. "तोच वाचतो मला सगळं. चांगलं वाचतो."

पलीकडे भाचा खाकरला.

गुरुवारी सकाळी शंकोबांनी लिहायला घेतलं. पहिल्या कागदावर त्यांनी भाच्याला इतकं झोडपलं की निबेनं कागद फाटला. बायकोनं वाचलं आणि म्हणाली, "हे तो मोठ्यानं वाचेल का? चौथ्या ओळीला पत्र खाली ठेवेल आणि रविवारी ताई खोलीत." शंकोबांनी तो कागद चुरगाळला. दुसऱ्या कागदावर त्यांनी स्वतःला झोडपलं. तो बायकोनं स्वतःच चुरगाळला. "ताईंनी तुमची शिक्षा विचारली नाहीये. रिसीव्हर विचारलाय."

मग त्यांनी तिसरा कागद घेतला. राग काही कमी झाला नव्हता, पण अक्षर आता छापखान्यातल्यासारखं सरळ आलं.

'प्रिय ताई, तू विचारलंस चांगल्या आवाजाचा रिसीव्हर कोणता. आहे तोच चांगला आहे. बदलू नका. रेडिओवाल्या माणसाला येऊ नको म्हणून सांगा. त्याऐवजी हे करायचं. तुझी खुर्ची कोपऱ्यातून काढून हॉलच्या मधोमध, टीव्हीखालच्या स्पीकरच्या बरोबर समोर ठेवायची. सोफा तिच्या डावीकडे सरकवायचा. तू खुर्चीत बसल्यावर तुझं डोकं जिथे येतं तिथे, तेवढ्याच उंचीवर तो छोटा माइक ठेवायचा आणि यंत्राला पुन्हा मोजायला लावायचं. मोजताना घरात कुणी बोलायचं नाही, पंखा बंद. मग मधला स्पीकर तीन घरं वाढवायचा आणि मागचे दोन तितकेच उतरवायचे. नंतर चार माणसं बोलत बसलेली असतील असं काहीतरी लावायचं. काय बोलले ते तू सगळ्यांना सांगायचंस. एक शब्दही चुकला तर पुन्हा मोजायचं.

'हे वाचणाऱ्यासाठी: तू आईला वाईट वागवलंस असं मी म्हणत नाही. बघणाऱ्यानं समोर बसावं हे कुणालाही पटेल, मलाही पटलं असतं. पण या घरात नुसतं ऐकणारं माणूस एकच आहे. ती जागा तिची. मी काल जे ओरडलो ते मागे घेत नाही. फक्त तंगड्यांचं मागे घेतो.

'ताई, पाच महिने मी सगळ्या जगाचं वाचत होतो आणि तुझंच नीट वाचलं नाही. तुझी ओळ मला दिसली आहे. मी समासात खूण केली आहे.'

शेवटी सही केली. सवयीनं पेन्सिल उचलली आणि पहिल्या शब्दावर बोट ठेवलं. 'तीन घरं' म्हटलंय, त्याच्या यंत्रावर घरं असतील का? डावीकडे लिहिलं, सोफा उजवीकडे मावत असेल तर? दुकानातल्या बाईंना पुन्हा एकदा विचारून...

"वाजले किती?" बायकोनं विचारलं.

"साडेअकरा."

"टपाल बाराला उचलतात."

शंकोबांनी पेन्सिल आपटली. कागदाची घडी घातली ती वाकडी पडली. कुणावर तरी खेकसायचं म्हणून ते डिंकाच्या बाटलीवर खेकसले, आणि पाकीट हातात धरून भर उन्हात निघाले. वाटेत तोंडानं भांडण चालूच होतं, विक्रेत्याशी, भाच्याशी, छापखान्याच्या कधीच मरून गेलेल्या मालकाशी. रस्त्यावरची दोन माणसं बाजूला झाली.

पोस्टात खिडकीपुढे रांग होती. शंकोबा रांगेत उभं राहायला कधी कुरकुरले नव्हते. आज ते पुढच्या माणसाला म्हणाले, "मला बाराच्या आत हवंय," आणि तो माणूस त्यांच्या चेहऱ्याकडे बघून सरकला.

खिडकीतल्या कारकुनानं पाकीट उलटसुलट केलं. "सोमवारी पोचेल."

"शनिवारी पोचायला पाहिजे."

"मग जलद टपालानं टाका. तसं काय एवढं अर्जंट आहे?"

"पाच महिने उशीर झालाय," शंकोबा म्हणाले, इतक्या मोठ्यानं की मागची रांग डोकावून बघू लागली. "आणखी एक दिवसही नाही चालणार."

कारकुनानं मान वर करून त्यांच्याकडे पाहिलं आणि दुसरा शिक्का उचलला. दोनदा मारला. मागे न बघता हात लांब करून त्यानं पाकीट पोत्यात टाकलं. दोरी हातात घेऊन उभ्या असलेल्या माणसानं पोतं बांधलं आणि खांद्यावर घेऊन तो मागच्या दारानं गाडीकडे गेला.